‘तरी’, ‘शिवाय’, ‘बाकी’, ‘परवा’: बारक्या शब्दांचा घोळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय: जाहीर सूचना, बिले आणि मथळे यांतील परस्परविरुद्ध अर्थांचे शब्द

एका शब्दाला दोन उलटे अर्थ, हा विषय निघाला की मराठीत उदाहरणे ठरलेली असतात. नारळ फोडायचा तर तो ‘वाढवायचा’, बांगडी फुटली तर ती ‘वाढवली’, निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणायचे. भाषा दिनाच्या कार्यक्रमात ही उदाहरणे हमखास टाळ्या घेतात. पण या शब्दांमुळे कुणाचा अर्ज परत येत नाही की कुणाच्या घरचा पाण्याचा पिंप कोरडा राहत नाही. नारळ वाढवला म्हणजे तो आकाराने मोठा झाला, असे कोणाही मराठी माणसाला वाटत नाही. घोळ घालतात ते दोन-तीन अक्षरांचे, ज्यांच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही असे शब्द: तरी, शिवाय, बाकी, नावे, परवा, पुढे. ठाणे आणि नवी मुंबईतल्या गृहसंकुलांचे सूचनाफलक, देखभालीची बिले, पाणी बंद असल्याच्या सूचना आणि वृत्तपत्रांचे मथळे यांत त्यांचा रोज वावर असतो, म्हणून त्यांच्याविषयी लिहीत आहे.

‘तरी’ सर्वांत निरागस दिसतो. दोन सूचना पाहा. ‘लिफ्ट उद्या बंद राहील. तरी रहिवाशांनी जिना वापरावा.’ आणि ‘लिफ्टची दुरुस्ती झाली आहे. तरी रहिवाशांनी जिना वापरावा.’ दोन्हींतले दुसरे वाक्य अक्षरशः तेच आहे. पहिल्या सूचनेत ‘तरी’ म्हणजे ‘म्हणून’, दुसऱ्या सूचनेत ‘असे असूनही’. बोलताना आपण बहुतेक वेळा दुसराच अर्थ वापरतो: सांगितलं तरी ऐकलं नाही. पहिला अर्थ जपला तो अर्जांच्या भाषेने. ‘मला ताप आला आहे, तरी दोन दिवसांची रजा मिळावी ही विनंती.’ शाळेत अर्ज लिहायला शिकवतात तेव्हा हा ‘तरी’ हाताला बसतो आणि निवृत्तीच्या अर्जापर्यंत सुटत नाही.

पहिले वाक्य वाईट बातमीचे असेल तर वाचणारा आपोआप ‘म्हणून’ असे वाचतो आणि काही बिघडत नाही. बिघडते ते पहिल्या वाक्यात चांगली बातमी आणि दुसऱ्यात खबरदारी असते तेव्हा. ‘पाण्याची टाकी धुऊन झाली आहे, तरी पाणी उकळून प्यावे.’ टाकी नुकतीच धुतली म्हणून एक-दोन दिवस उकळायचे, की टाकी धुतली असली तरी पाण्याचा भरवसा नाही म्हणून पुढची सूचना येईपर्यंत उकळायचे? उकळण्याची मुदतच बदलते. उपाय अगदी साधा आहे. सूचना लिहून झाली की प्रत्येक ‘तरी’ खोडावा आणि त्या जागी ‘म्हणून’ किंवा ‘तरीही’ लिहावे. ‘तरीही’ला एकच अर्थ आहे. दोन्हींपैकी एकही बसत नसेल, तर तिथे ‘तरी’ची गरजच नव्हती, तो सवयीने आला होता. कार्यालयीन मराठीतले बरेचसे ‘तरी’ या तिसऱ्या जातीचे असतात.

‘शिवाय’ अधिक चिवट आहे. ‘चहाशिवाय सकाळ गेली’ यात चहा मिळाला नाही. ‘चहाशिवाय काही घेतलं नाही’ यात फक्त चहाच मिळाला. ‘चहाशिवाय पोहेही होते’ यात चहा होता आणि वर पोहे होते. एकाच शब्दाने चहा एकदा हिरावला आणि दोनदा दिला. ‘खेरीज’ आणि ‘व्यतिरिक्त’ यांचेही तेच. आता अर्जाच्या खाली छापलेली ओळ घ्या: ‘आधार कार्डाशिवाय अन्य एक पुरावा जोडावा.’ एक अर्जदार दोन कागद जोडतो, आधार आणि वीजबिल. दुसरा एकच जोडतो, वीजबिल, कारण त्याच्या वाचनात आधार कार्ड चालणार नाही असेच लिहिले आहे. दोघांचेही वाचन व्याकरणाने बरोबर आहे. ज्याचा अर्ज परत येतो तो मात्र निष्काळजी ठरतो.

याची ढोबळ खूण अशी. वाक्याचा शेवट नकारार्थी असेल आणि आधीच्या वस्तूची अट असेल (‘ओळखपत्राशिवाय प्रवेश नाही’) तर गोंधळ होत नाही. ‘शिवाय’ वाक्याच्या आरंभी सुटा आला (‘शिवाय, दोन छायाचित्रे लागतील’) तरीही होत नाही. तिथे तो फक्त भर घालतो. धोका आहे तो शब्दाला चिकटलेला ‘शिवाय’ आणि होकारार्थी क्रियापद एकत्र आले तिथे. अशा ठिकाणी आकडा लिहावा. ‘आधार कार्ड आणि आणखी एक पुरावा, असे दोन कागद जोडावेत.’ किंवा ‘आधार कार्ड चालणार नाही. दुसरा कोणताही एक पुरावा जोडावा.’ ओळ थोडी लांबते, खिडकीपुढची रांग आखूड होते.

पैशांच्या कागदावर हे शब्द जास्त महाग पडतात. ‘बाकी’ म्हणजे उरलेले. पण कुणाकडे उरलेले? ‘खात्यात २,००० रुपये बाकी आहेत’ म्हणजे ते तुमचे आहेत. ‘तुमचे २,००० रुपये बाकी आहेत’ म्हणजे बहुधा तुम्ही द्यायचे आहेत, पण ‘तुमचे आमच्याकडे बाकी आहेत’ असाही अर्थ निघतो. देखभाल बिलावर ‘मागील बाकी २,०००’ छापलेले असते. आगाऊ पैसे भरलेल्या सभासदाला वाटते की आपले दोन हजार जमेला धरले. थकवणाऱ्यालाही कधीकधी सोयीने तसेच वाटते. ‘येणे बाकी’ आणि ‘देणे बाकी’ असे लिहिले तरी प्रश्न पुरता सुटत नाही, कारण बिल लिहिणारी सोसायटी आणि वाचणारा सभासद. सोसायटीचे येणे ते सभासदाचे देणे. बिलावर ‘मागील थकबाकी (आपण भरावयाची)’ आणि ‘आगाऊ जमा (या बिलातून वजा केली)’ असे दोन वेगळे रकाने हवेत. ज्या रकान्यात काही नाही तिथे शून्य लिहावे, रिकामा सोडू नये. ‘आपण’ हा शब्दसुद्धा मराठीत मी, तुम्ही आणि आपण सगळे या तिन्ही अर्थांनी चालतो हे खरे, पण बिलावर तो वाचणाऱ्यालाच लागू होतो, त्यामुळे इथे चालून जातो. सभेच्या इतिवृत्तात मात्र ‘खर्च आपण करावा असे ठरले’ असे कधीही लिहू नये.

‘नावे’ची गंमत याहून जुनी आहे. मृत्युपत्रात ‘मुलीच्या नावे पाच लाख’ म्हणजे मुलीला पाच लाख मिळाले. खतावणीत, म्हणजे खातेवार हिशेबाच्या वहीत, ‘मुलीच्या नावे पाच लाख’ म्हणजे तिच्याकडून पाच लाख यायचे आहेत. जमा आणि नावे ही आपली हिशेबातली जोडी आहे, आणि जुन्या बहीखात्यात जमा डावीकडे, नावे उजवीकडे अशी मांडणी असे. इंग्रजी पद्धतीत डावी बाजू नावेची, म्हणजे डेबिटची. त्यातून नव्या खजिनदाराला सतावणारी गोष्ट म्हणजे, बँकेच्या पासबुकात जे ‘जमा’ दिसते तेच सोसायटीच्या खतावणीत बँकेच्या खात्याला ‘नावे’ पडते. चूक कुणाचीच नाही. बँक तिच्या बाजूने लिहिते: सोसायटीचे पैसे बँकेने घेतले, म्हणजे बँक सोसायटीची देणेकरी. सोसायटी तिच्या बाजूने लिहिते: बँकेकडून आपल्याला येणे. ताळमेळ घालताना पासबुकातला जमा रकाना खतावणीतल्या नावे रकान्याशी लावायचा, हे पहिल्याच दिवशी सांगितले तर पुढचा मनस्ताप वाचतो. ‘देणेकरी’ हाही तसाच: ‘देणेकऱ्यांचा तगादा’ असे म्हणतो तेव्हा तो पैसे मागणारा असतो, कोशात शोधला तर पैसे देणे लागणारा. ‘ऋणको’ (पैसे देणे लागणारा) आणि ‘धनको’ (ज्याला पैसे येणे आहेत तो) हे शब्द थोडे ठोकळेबाज वाटतात, पण कागदावर त्यांच्यासारखे भरवशाचे दुसरे नाहीत.

आता वेळ. ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. क्रियापद असेल तोवर काळ त्यातून कळतो: परवा झाली, परवा होईल. सूचनांना मात्र क्रियापद गाळण्याची खोड असते. ‘परवाच्या सभेची वेळ : सायं. ६’ असा निरोप मोबाइलवर एकाने पाठवला, दुसऱ्याने दोन दिवसांनी पुढे ढकलला, की ‘परवा’ नेमका कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तारीख आणि वार दोन्ही लिहावेत. तारीख चुकली तर वाराशी जुळत नाही आणि चूक लगेच पकडता येते. एकटी तारीख किंवा एकटा वार हे काम करू शकत नाही.

पाणी बंदच्या सूचनांत ‘परवा’पेक्षाही घातक ठरतो तो ‘रात्री १२’. ‘शुक्रवारी रात्री १२ वाजल्यापासून पाणी बंद’ असे वाचले की घड्याळावर चालणारा माणूस म्हणतो, शुक्रवार सुरू झाला ती वेळ, म्हणजे गुरुवारी झोपायच्या आधी पाणी भरायला हवे. आपल्या जुन्या रीतीने दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. त्या हिशेबाने शुक्रवारची रात्र शुक्रवारच्या दिवसानंतर येते. एकाच वाक्यातून वाराची दोन विरुद्ध टोके निघतात, मध्ये पूर्ण २४ तासांचे अंतर. रेल्वेच्या आरक्षणातही हेच होते. रात्री १२.१५ ची गाडी असेल तर तिकिटावर नवी तारीख असते, आणि त्या तारखेच्या ‘रात्री’ स्थानकावर पोहोचणाऱ्याची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. सूचना लिहिताना १२ चा आकडा टाळून ‘गुरुवार, रात्री ११.५९’ लिहावे, किंवा ‘गुरुवारची रात्र संपून शुक्रवार लागेल तेव्हापासून’ असे सरळ मराठीत सांगावे.

‘पुढे’चा वाद तुलनेने लहान आहे. ‘पुढे ढकलली’ म्हणजे उशिरा, यावर सर्वांचे एकमत आहे. ‘पुढे घेतली’ आणि ‘पुढे आणली’ यांवर नाही. काहींना ती लवकर झाली असे वाटते, काहींना उशिरा. ‘सहाऐवजी पाच वाजता’ लिहिले की वाद मिटला.

हे शब्द असे का वागतात, याची कारणे एकसारखी नाहीत. काही ठिकाणी दोन वेगळे शब्द झिजून एकसारखे दिसू लागलेले असतात. फुले वेचणे म्हणजे गोळा करणे, आयुष्य वेचणे म्हणजे खर्चून टाकणे; पहिला ‘चयन’च्या कुळातला, दुसरा ‘व्यय’च्या, जो ‘खर्चवेच’ या जोडशब्दात अजून शाबूत आहे. इंग्रजीतही असेच घडते. भाड्याच्या करारातल्या ‘लीव्ह अँड लायसन्स’मधला लीव्ह म्हणजे परवानगी, सोडून जाणे या अर्थाचा लीव्ह निराळ्याच मुळाचा. ठाण्यात अकरा महिन्यांचे असे करार सर्रास होतात आणि त्यातला हा शब्द घर सोडण्याविषयी आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो राहू देण्याविषयी आहे. आपल्या ‘रजा’चेही असेच. हा अरबीतून फारसीमार्गे आलेला संमतीचा शब्द, ‘राजी’ त्याच घरातला. संमती मिळाली की माणूस जातो, म्हणून रजा म्हणजे गैरहजेरी झाली. ‘राजीनामा’ त्याच्या पुढची पायरी. हिंदीत आजही राजीनामा म्हणजे दोन पक्षांतली तडजोड. मराठीत पद सोडल्याचा कागद. हिंदी भाषक शेजाऱ्याने ‘दोनो में राजीनामा हो गया’ म्हटले तर सोसायटीचे अध्यक्ष आणि सचिव एकदम पायउतार झाले असे समजू नये. ‘हरकत’ तर पुरतीच उलटली. मुळात ती हालचाल. गाण्यातल्या हरकतीत हा अर्थ अजून जिवंत आहे. व्यवहारात मात्र हरकत म्हणजे हालचालीला अडथळा, आणि ‘हरकती व सूचना’ हे शब्द तर आराखड्यांच्या जाहिरातींमुळे सर्वांना तोंडपाठ.

दुसरे कारण अशुभ टाळण्याचे. वाढवणे हा त्यातलाच प्रकार. हिंदीत दुकान बंद करण्याला ‘दुकान बढाना’ म्हणतात. आणि तिसरे, मराठी वृत्तपत्रांना अतिप्रिय, ते उपरोधाचे. अलंकारशास्त्रात याला विपरीत लक्षणा म्हणतात. एखाद्याचा ‘समाचार घेणे’ म्हणजे विचारपूस. राजकीय बातमीत समाचार घेतला की तो खरपूसच असतो. ‘संभावना’ म्हणजे मानसन्मान, दक्षिणा. आता ‘मूर्ख अशी संभावना केली’ एवढ्यापुरताच उरला. उद्धार, प्रसाद, पूजा, आरती, हजेरी यांचेही दोन चेहरे सर्वांच्या परिचयाचे. नारळ सत्कारात शालीसोबत मिळतो आणि नोकरीवरून काढतानाही हातावर ठेवला जातो. पक्षाला ‘रामराम’ ठोकणाऱ्याने तिथे पाऊल ठेवताना पहिल्यांदा रामरामच केलेला असतो. उपरोध रुळला की मूळ अर्थ हळूहळू बाहेर पडतो. ‘संभावना’चा पडलाच आहे, ‘समाचार’चा पडण्याच्या बेतात आहे. दुखवट्याला कुणी ‘समाचाराला’ गेले असे आता वडीलधारी मंडळीच म्हणतात.

अशा उलट्या प्रवासाचा सर्वांत मोठा दाखला आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातलाच आहे. सोपाऱ्याला १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडा सापडला, १९५६ मध्ये नवव्याचा. (सोपारा २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेले.) अशोक आपल्या लेखांत स्वतःला ‘देवानंपिय’ म्हणवतो, देवांचा लाडका. नंतरच्या संस्कृत व्याकरणपरंपरेत ‘देवानांप्रिय’ या समासाचा अर्थ चक्क मूर्ख असा नोंदवलेला आहे. ‘घृणा’ हा शब्द अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात एका दमात दोन्ही अर्थांनी येतो: ‘जुगुप्साकरुणे घृणे’, म्हणजे किळस आणि करुणा. मराठीने घृणा घेतली किळसेची आणि ‘निर्घृण’ घेतला करुणा नसलेल्याचा, त्यामुळे ‘घृणास्पद आणि निर्घृण कृत्य’ या गुन्हेवार्तेतल्या नेहमीच्या शब्दजोडीत एकच घृणा एकदा आहे आणि एकदा नाही. त्याच कोशात ‘आरात्’ हे अव्यय दूर आणि जवळ दोन्हींसाठी दिले आहे. संस्कृतातला ‘अवसान’ म्हणजे शेवट. मराठीत अवसान म्हणजे बळ, आणि ते गळाले की मग शेवट. संस्कृतातला ‘निषेध’ मनाई करतो. मराठीतला निषेध मनाई करण्याचा अधिकार नसलेल्यांनी करायचा असतो. स्थानकावरच्या ‘प्रवेश निषेध’ या हिंदी पाटीखाली मराठी वाचक क्षणभर घुटमळतो तो यामुळे. अरबी व्याकरणकारांनी अशा शब्दांना ‘अद्दाद’ नाव देऊन त्यांचे वेगळे कोशच केले. मराठीत या विषयावर असा स्वतंत्र कोश करण्याजोगे साहित्य नक्कीच आहे.

उरले ते क्रियापदांचे कारण, आणि ते मुळात दुहेरीपण नाहीच. वारा सुटतो म्हणजे सुरू होतो, शाळा सुटते म्हणजे संपते. ठाण्याहून लोकल सुटली म्हणजे निघाली. ‘माझी लोकल सुटली’ म्हणजे मी फलाटावर राहिलो. दार लावले की बंद होते, पंखा लावला की सुरू होतो. तांदूळ निवडले की तांदूळ राहतात, खडे निवडले की खडे जातात. लोक मांडुळाला दुतोंड्या म्हणतात, पण त्याला तोंड एकच असते, दुसरे नुसते शेपूट. तसेच इथे कर्ता-कर्म शेजारी आले की तोंड कुठले ते कळते. म्हणून या क्रियापदांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. अपवाद एकच, पाककृतीतले ‘टाकणे’. ‘डाळ भिजवून पाणी टाकावे’ यात पाणी घालायचे की ओतून द्यायचे, हे नवशिक्याला कळत नाही. ‘घालावे’ आणि ‘काढून टाकावे’ असे दोन शब्द असताना मोघम ‘टाकावे’ लिहिण्याचे कारण नाही.

मथळ्यांबद्दल थोडे स्पष्ट लिहितो, राग नसावा. ‘बंदी उठवली’ मध्ये उठवणे म्हणजे काढणे आणि ‘आवाज उठवला’ मध्ये वर चढवणे, इतपत वाचक पेलतो. पण न्यायालयीन बातम्यांत उलटवणारे शब्द एकापुढे एक येतात. ‘पाडकामाच्या आदेशावरील स्थगिती उठवण्यास नकार’ असा मथळा वाचून त्या इमारतीतल्या माणसाने सुटकेचा श्वास सोडायचा की सामान बांधायचे? मोजण्याची रीत अशी: मूळ कृती बाजूला काढा, इथे पाडकाम. मग तिला उलटवणारे शब्द मोजा: स्थगिती, उठवणे, नकार. तीन, म्हणजे विषम. विषम आले तर मूळ कृती होत नाही, सम आले तर होते. इमारत तूर्त उभी. घोडबंदर रस्त्यावरच्या अवजड वाहनांबाबत समजा मथळा आला, ‘अवजड वाहनांवरील बंदीची स्थगिती मागे’. मूळ कृती वाहने धावणे. बंदी, स्थगिती, मागे, पुन्हा तीन. वाहने धावणार नाहीत. रीत बिनचूक आहे, पण सकाळी चहासोबत वाचकाने गणित का करावे? मथळ्यात उलटवणारा शब्द जास्तीत जास्त एक असावा. ‘पाडकाम तूर्त टळले’, ‘घोडबंदरवर अवजड वाहने पुन्हा बंद’. स्थगितीची साखळी बातमीच्या दुसऱ्या परिच्छेदात सविस्तर देता येते आणि जागाही वाचते. तशीच खबरदारी ‘बरोबर’ची. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणे घेतले; ‘मराठे पोर्तुगीजांबरोबर लढले’ असे लिहिले तर ते एका बाजूने लढले असाही अर्थ होतो. ‘विरुद्ध’ हा शब्द कुठे महाग आहे?

शेवटी दोन शब्द, जिथे घोळ जिवाशी येऊ शकतो. ‘पथ्य’ म्हणजे आयुर्वेदाच्या भाषेत हितकर, खावे असे. न खायचे ते अपथ्य. बोलताना मात्र ‘त्याला आंबट पथ्य आहे’ म्हणजे आंबट बंद. वैद्यांनी चिठ्ठीवर ‘पथ्य : मूग, ताक, भाकरी’ लिहिले की घरचे लोक नेमके मूग आणि ताक बंद करू शकतात. ‘हे खावे’ आणि ‘हे खाऊ नये’ असे दोन मथळे देऊन खाली यादी लिहिली की प्रश्न उरत नाही.

दुसरा शब्द ‘औषध’. खोकल्याचे औषध खोकला घालवते, उंदराचे औषध उंदराला मारते. ग्रामीण भागात ‘त्याने औषध घेतलं’ याचा अर्थ विष प्यायला असाही होतो. घरात कुणाच्या पोटात उंदराचे औषध गेले तर रुग्णालयात नुसते ‘औषध खाल्लं’ सांगून भागत नाही, कारण त्याचे प्रकार अगदी वेगळे. ब्रोमॅडायोलोनच्या वड्यांनी रक्त गोठेनासे होते आणि त्यावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टने यकृत निकामी होऊ शकते आणि तिला उतारा नाही. पहिल्या दिवशी रुग्ण दोन्हींत ठणठणीत दिसू शकतो, म्हणून वाट पाहत बसू नये आणि वेष्टन सोबत न्यावे. कीटकनाशकांच्या वेष्टनावर कायद्याने रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, चौघांत कमी विषारी एवढेच. तेव्हा ‘रविवारी सर्व घरांत औषध मारले जाईल’ अशी सूचना लावण्याऐवजी सोसायट्यांनी ‘कीटकनाशक फवारणी’ असे लिहावे, त्याखाली रसायनाचे नाव, त्रिकोणाचा रंग, फवारणीची वेळ आणि किती तास घराबाहेर राहायचे ते द्यावे. उरलेली बाटली जिन्याखाली ठेवायचीच असेल तर तिच्यावर ‘औषध’ लिहिलेली चिठ्ठी चिकटवू नये. मूळ लेबल राहू द्यावे आणि वर मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहावे.

आपला,
एक मुद्रितशोधक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)